दत्त आणि क्रीत

‘दत्तक’ हा शब्द कानी पडला की आपल्याकडे प्रथम आठवते ती झाशी, आणि तिच्यामागोमाग सातारा. लॉर्ड डलहौसीने १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा केले आणि १८५४ मध्ये झाशीचे. त्या दोन्ही प्रसंगी वाद झाला तो घेणाऱ्याच्या अधिकाराविषयी. निपुत्रिक राजाला दत्तक घेता येईल काय, आणि घेतलेल्या मुलाला गादी मिळेल काय, एवढाच प्रश्न कलकत्त्याच्या कचेरीत विचारला गेला. मूल कोठून आले आणि ते कोणी दिले, हे विचारण्याचे कारणच नव्हते. मूल भाऊबंदांतले होते आणि त्याला देणारे हात सर्वांच्या परिचयाचे होते.

आपल्या स्मृतिकारांना मात्र हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटला होता. मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तीन आजच्या विषयाला फार उपयोगी पडणारे आहेत. आईबापांनी संकटकाळी, प्रीतिपूर्वक आणि विधिपूर्वक दिलेला तो ‘दत्त’. आईबापांना मोल देऊन घेतलेला तो ‘क्रीत’. आणि आईबापांनी टाकून दिलेला, कोणीतरी उचलून आपला म्हटलेला, तो ‘अपविद्ध’. पुढील काळातील निबंधकारांनी या बारांपैकी बहुतेक प्रकार कलियुगात वर्ज्य ठरवले. औरस आणि दत्तक एवढेच मुख्यतः उरले. क्रीत पुत्र शास्त्रातून गेला. तो व्यवहारातूनही गेला काय, हे पाहण्यासाठी मात्र गेल्या पाऊणशे वर्षांचा आणि अनेक देशांचा इतिहास चाळावा लागतो.

कारण या पाऊणशे वर्षांत दत्तकाचे एक अगदी नवे रूप जगात रूढ झाले. मूल एका देशातले, आईबाप दुसऱ्या देशातले, आणि मध्ये एक संस्था. अमेरिकेतील, स्वीडनमधील किंवा हॉलंडमधील एखादे जोडपे मूल घ्यावयाचे ठरवते, तेव्हा त्याच्यापुढे दोन निवडी असतात : कोणत्या देशातून घ्यावे आणि कोणत्या संस्थेमार्फत घ्यावे. प्रथमदर्शनी या व्यावहारिक निवडी वाटतात. प्रतीक्षा किती, खर्च किती, मुलाचे वय काय, परदेशी किती दिवस राहावे लागेल, अशा चौकशा होतात आणि त्या होणे स्वाभाविकही आहे. परंतु इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की या निवडीचे मर्म निराळे आहे. देश आणि संस्था निवडणे म्हणजे साक्षीदार निवडणे होय. ‘या मुलाला खरोखरच कोणी नाही’, किंवा ‘याच्या आईने समजून उमजून याला दिले आहे’, असे सांगणारा तो साक्षीदार. घेणारे जोडपे हजारो मैल दूर असते. त्याला कागदावर विसंबावे लागते, आणि कागद त्या साक्षीदाराचा असतो.

या कहाणीचा आरंभ कोरियात झाला असे म्हणण्यास हरकत नाही. १९५० ते १९५३ या काळातील युद्धाने तेथे असंख्य मुले निराधार झाली. परदेशी सैनिकांपासून झालेल्या मुलांना तर समाजात ठावच नव्हता. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील हॅरी होल्ट आणि त्यांची पत्नी बर्था या शेतकरी जोडप्याने अशी आठ मुले एकदम घ्यावयाचे ठरवले. त्या वेळचा कायदा आड येत होता, म्हणून १९५५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने खास त्यांच्यासाठी कायदा संमत केला. वर्तमानपत्रांनी ती वार्ता देशभर नेली आणि होल्ट यांच्याकडे इच्छुकांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला. १९५६ पासून त्यांनी हे कार्य संस्थेच्या रूपाने चालवले. हेतूच्या शुद्धतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कार्यपद्धती अशी होती की घेणारे जोडपे घरीच राही, त्याचा मुखत्यार कोरियाच्या न्यायालयात दत्तविधान उरकी आणि मूल विमानाने पाठवले जाई. समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या अमेरिकन कार्यकर्त्यांनी या मुखत्यारी दत्तकाला कडाडून विरोध केला. घर न पाहता, माणसे न पारखता मूल पाठवणे त्यांना मान्य नव्हते. १९६१ च्या कायद्याने त्या प्रथेला आळा बसला.

विरोध झाला तो घेणाऱ्या घराच्या तपासणीसाठी. देणाऱ्या घराची तपासणी कोणी करावयाची, हा प्रश्न तेव्हा मागेच राहिला. युद्ध संपून पिढी उलटली, कोरिया उद्योगसंपन्न झाला, तरी मुले बाहेर जातच राहिली. १९८५ या एकाच वर्षी आठ हजारांहून अधिक मुले परदेशी गेली. एकंदर आकडा दोन लाखांच्या आसपास धरला जातो. ही सारी मुले युद्धातील अनाथ असणे शक्यच नव्हते. अविवाहित मातांची, दरिद्री कुटुंबांची, हरवलेली अशी मुले त्यांत होती. ज्यांचे आईबाप हयात होते अशा अनेकांची नोंद ‘अनाथ’ म्हणून स्वतंत्र कुटुंबपत्रक उघडून करण्यात आली, कारण परदेशी कायद्याला अनाथच हवा होता. मार्च २०२५ मध्ये तेथील सत्यशोधन व सलोखा आयोगाने, शासनाने आपले कर्तव्य केले नाही आणि मुलांच्या मूळ नोंदी खोट्या करण्यात आल्या, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्षांनी या मुलांची क्षमा मागितली. मुले तोपर्यंत चाळिशी-पन्नाशीची झाली होती.

व्हिएतनाममध्ये हेच थोड्या दिवसांत आणि अधिक घाईने घडले. एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडण्याच्या बेतात असता हजारो मुले विमानांनी बाहेर काढण्यात आली. ४ एप्रिल रोजी त्यांतील एक प्रचंड लष्करी विमान कोसळले आणि १३८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ७८ मुले होती. जी सुखरूप पोचली त्यांच्यापैकी काहींना आईबाप आहेत, असा दावा त्याच वर्षी अमेरिकन न्यायालयात दाखल झाला.

रुमानियाचा इतिहास अधिक उद्बोधक आहे, कारण तेथे संस्था आणि पैसा यांचा संबंध उघड्या डोळ्यांना दिसतो. चाउशेस्कू यांच्या राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर कडक निर्बंध घातले. लोकसंख्या वाढवणे हा हेतू होता. परिणाम असा झाला की पोसता न येणारी मुले शासकीय बालगृहांत येऊन पडली. डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली आणि त्या बालगृहांतील हृदयद्रावक दृश्ये दूरचित्रवाणीवरून जगभर पोचली. पाश्चात्त्य देशांतील माणसे करुणेने धावून गेली. १९९० च्या आरंभापासून पुढील दीड वर्षांत सुमारे दहा हजार मुले देशाबाहेर गेली. परंतु जी बालगृहांत पिचत होती ती रुग्ण, अपंग, मोठी मुले बहुधा तेथेच राहिली, आणि दलाल खेड्यापाड्यांतील दरिद्री घरांच्या दारांशी जाऊन निरोगी तान्ही मुले मागू लागले. क्रीत पुत्र असा परतला. शासनाने जुलै १९९१ मध्ये हा व्यवहार थांबवला. पुढे १९९७ मध्ये निराळी योजना आली. जी परदेशी संस्था बालकल्याणाच्या कामांना आर्थिक साहाय्य देईल तिला गुण मिळावयाचे, आणि गुणांच्या प्रमाणात तिला मुले मिळावयाची. योजनेची भाषा साहाय्याची होती, पण तिने मूल आणि मोल एकाच तागडीत घातले. २००१ मध्ये स्थगिती आली आणि २००५ पासून लागू झालेल्या कायद्याने परदेशी दत्तक जवळजवळ बंदच केले.

मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला या लहानशा देशात न्यायालयाचीही अडचण नव्हती. तेथे वकील-नोटरीच सर्व प्रकरण तडीस नेई. आईच्या वतीने तोच बोले, मुलाच्या वतीने तोच, आणि घेणाऱ्यांच्या वतीनेही तोच. काम जलद होई, मुले तान्ही मिळत, म्हणून देश निवडणाऱ्यांच्या यादीत ग्वातेमाला वर गेले. २००७ या एका वर्षी तेथून अमेरिकेत चार हजारांहून अधिक मुले गेली. मुले पळवल्याच्या आणि विकत घेतल्याच्या तक्रारी वाढल्या. त्या वर्षअखेर नवा कायदा झाला आणि दार मिटले.

इतर देशांची वाटचाल फार वेगळी नाही. रशियाने २०१३ पासून अमेरिकनांना मुले देणे थांबवले, त्याचे कारण मुख्यतः राजकीय होते. इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तकावर बंदी घातली. चीनने १९९२ पासून दीड लाखाहून अधिक मुले परदेशी दिली. त्यांत मुलींचे प्रमाण फार मोठे होते आणि त्याच्या मुळाशी एकाच अपत्याचे सरकारी धोरण होते. २००५ मध्ये हूनान प्रांतात मुले विकत घेऊन बालगृहांना पुरवल्याचे उघडकीस आले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने, जवळच्या नात्यातील अपवाद वगळता, हा मार्ग बंद केल्याचे जाहीर केले. अमेरिकेत २००४ साली परदेशांतून जवळजवळ २३ हजार मुले आली होती. २०२३ साली हा आकडा तेराशेच्या आत आला.

या सर्व हकिकती एकत्र ठेवल्या म्हणजे एक क्रम दिसतो. युद्ध, दारिद्र्य किंवा एखादे क्रूर धोरण यांमुळे एखाद्या देशात मुले खरोखर निराधार होतात. परदेशी माणसे दयेने येतात. त्यांच्यासाठी संस्था निघतात. काही वर्षांत मूळ संकट ओसरते, पण संस्था, त्यांचे नोकर आणि त्यांच्याकडे नोंदवलेली जोडपी तशीच राहतात. मग मुलासाठी घर शोधण्याचे काम हळूहळू घरासाठी मूल शोधण्याचे होते. क्रीत मुलाला कागदावर अपविद्ध म्हणून नोंदवावयाचे आणि दत्त म्हणून हाती द्यावयाचे, अशी ही तीन शब्दांची फिरवाफिरव आहे. बोभाटा झाला की तो देश दार लावतो, आणि मागणी शेजारच्या दुसऱ्या दाराशी जाऊन उभी राहते.

आपल्या देशाची हकिकत काय आहे? हिंदूंच्या जुन्या कायद्यात मूल देण्याचा अधिकार केवळ आईबापांचा. त्यामुळे ज्याला आईबापच नाहीत त्या अनाथाला दत्तक जाता येत नसे. ज्याला घराची सर्वांत अधिक गरज, त्यालाच ते दार बंद! समाजसुधारकांनी अशा मुलांना आसरा दिला. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, आपला म्हटले. १८७५ मध्ये पंढरपूरला बालकाश्रम निघाला. या संस्था राखणाऱ्या होत्या. कायद्याच्या दृष्टीने देणाऱ्या नव्हत्या. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने आणि विशेषतः त्याच्या १९६२ च्या दुरुस्तीने, टाकून दिलेले किंवा आईबाप अज्ञात असलेले मूल पालकाने न्यायालयाच्या परवानगीने द्यावे, अशी सोय झाली. अपविद्धाला दत्तकाचा मार्ग मोकळा झाला, आणि संस्था प्रथमच ‘दाता’ झाली.

परंतु हा कायदा हिंदूंपुरता होता. परदेशी जोडप्यांनी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचा आधार घेतला. न्यायालयाकडून पालक म्हणून नेमून घ्यावयाचे, मूल देशाबाहेर नेण्याची अनुज्ञा मिळवावयाची आणि दत्तविधान आपल्या देशी गेल्यावर करावयाचे, अशी वाट पडली. १९७२ मध्ये सर्वधर्मीयांसाठी दत्तक विधेयक राज्यसभेत आले, पण ते तडीस गेले नाही. मुंबई, दिल्ली आणि गुजरात येथील उच्च न्यायालयांनी आपल्यापुरती काही पथ्ये घालून घेतली होती. बाकी सर्व विस्कळीत होते.

१९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिले. परदेशी मुले पाठवणाऱ्या संस्थांचा गैरव्यवहार आणि लांबच्या प्रवासात होणारे कोवळ्या मुलांचे हाल त्यात वर्णिले होते. न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी दिलेला निर्णय हा आपल्याकडील या विषयाचा पाया आहे. परदेशी व्यक्तीने परस्पर येऊन मूल मागू नये. तिच्या देशाच्या शासनाने मान्य केलेल्या संस्थेमार्फतच अर्ज यावा. येथील संस्थाही शासनमान्य असावी. तिने सादर केलेली कागदपत्रे न्यायालयासाठी तिऱ्हाईत समाजकल्याण संस्थेने तपासावीत. मूल शक्यतो देशातच द्यावे. आणि आईला मूल जन्मण्यापूर्वी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत निर्णयासाठी भरीस घालू नये. या सर्व अटींमागे सूत्र एकच दिसते. जो मूल देणार, त्याच्याच शब्दावर विसंबावयाचे नाही.

या निर्णयानुसार १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संस्था, म्हणजे ‘कारा’, स्थापन झाली. तरीही फसवणूक थांबली असे नाही. १९९९ ते २००१ या काळात आंध्र प्रदेशात लंबाडा तांड्यांतील तान्ह्या मुली अल्प मोबदल्यात घेतल्याचे उघड झाले. २००५ मध्ये चेन्नईच्या झोपडपट्ट्यांतून पळवलेली मुले एका संस्थेमार्फत परदेशी गेल्याचे निष्पन्न झाले. मान्यतेचा शिक्का होता, फायलीही पूर्ण होत्या. सरकारी कागदांत आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारख्यास याची विशेष टोचणी वाटते. कागद पूर्ण असणे आणि तो खरा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि कोणतीही कचेरी पहिली गोष्ट पाहून समाधान मानू लागली की दुसरीकडे तिचे दुर्लक्ष होते.

जगाच्या पातळीवर याच अनुभवातून २९ मे १९९३ चा हेग करार निघाला. भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला. शंभराहून अधिक देश आज त्यात आहेत. मूल प्रथम आपल्या कुटुंबात, मग आपल्या देशात, आणि तेथे सोय न झाल्यास परदेशी. संमती मोकळेपणाने, लेखी आणि मोबदल्याविना. आईची संमती मुलाच्या जन्मानंतरच. दोन्ही देशांत एक जबाबदार मध्यवर्ती अधिकारी. संस्था नफ्यासाठी न चालणारी. आणि मुलाच्या मुळाची माहिती जतन केलेली, अशी त्याची कलमे आहेत. आपल्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने हीच दिशा पुढे नेली. मूल सोपवणाऱ्या आईबापांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. बालकल्याण समितीने मूल दत्तकासाठी मोकळे असल्याचे जाहीर केल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. प्रथम देशातील कुटुंबे पाहिली जातात. २०२२ पासून अंतिम आदेश जिल्हा दंडाधिकारी देतात. २०२४–२५ या वर्षी या व्यवस्थेतून झालेल्या ४,५१५ दत्तकांपैकी ४,१५५ देशातच झाली, ही समाधानाची गोष्ट आहे.

मग सर्वच दारे लावून घ्यावीत, हे बरे नव्हे काय? हॉलंडने २०२१ मध्ये जुन्या प्रकरणांच्या चौकशीनंतर परदेशी दत्तकाला स्थगिती दिली आणि पुढे ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. हा युक्तिवाद दुबळा नाही. परंतु दुसरी बाजूही विसरता येत नाही. रुमानियातील बालगृहांतल्या मुलांचा शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. मायेच्या माणसाविना वाढणाऱ्या बालकाची बुद्धी आणि मन दोन्ही खुरटतात, आणि घर जितके लवकर मिळेल तितके ते सावरते, असे त्यांत दिसून आले. मोठ्या किंवा अपंग मुलाला देशात घर मिळत नसेल आणि परदेशातील एखादे कुटुंब त्याला हात देण्यास सिद्ध असेल, तर दार लावणे हेही त्या मुलावर अन्यायच आहे. चुकीचे मूल जाणे हा जसा अपराध, तसाच योग्य मूल राहून जाणे हाही.

म्हणून निवडीचा प्रश्न अटळ आहे, आणि तो नीट विचारला पाहिजे. ज्या देशातून मूल लवकर आणि तान्हे मिळते तो देश सोयीचा, असे मानणाऱ्यांनी ग्वातेमाला आठवावे. घाई हीच तेथली खूण होती. ज्या देशात फेरविचाराला मुदत आहे, देशातील कुटुंबांना प्रथम संधी आहे आणि नाही म्हणण्याचा अधिकार असलेला अधिकारी आहे, तेथे विलंब लागतो. तो विलंब बहुधा कोणा आईच्या वाट्याचा असतो. संस्थेविषयी विचारावयाचे प्रश्नही असेच. तिला दोन्ही देशांची मान्यता आहे काय? तिचे उत्पन्न पाठवलेल्या मुलांच्या संख्येवर अवलंबून आहे काय? फी आणि देणगी यांचा हिशेब ती वेगवेगळा आणि लेखी देते काय? मूल कसे आले याची चौकशी तिने स्वतः केली, की आलेला कागद पुढे सरकवला? तिने कधी एखादे मूल आईकडे परत जाण्यास साहाय्य केले आहे काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या संस्थेजवळ आहे, तिच्यावर विश्वास टाकावा.

आणि तिच्याकडील नोंदी तीस वर्षे टिकतील काय, हेही पाहावे. दत्तविधानाच्या वेळी जो पक्ष बोलू शकत नाही, तो पुढे मोठा होऊन बोलू लागतो. कोरियातून गेलेली, भारतातून गेलेली कितीतरी माणसे आज आपली जुनी फाइल मागत परत येत आहेत. त्यांना बहुधा राज्य नको असते, गादी नको असते. आपण दत्त होतो, अपविद्ध होतो की क्रीत होतो, एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे असते. त्या दिवशी त्यांच्या हाती जो कागद पडेल तो खरा असावा, ही जबाबदारी देणाऱ्या देशाची आहे, मध्यस्थ संस्थेची आहे, आणि मूल घेण्यासाठी त्या दोहोंची निवड करणाऱ्या आईबापांचीही आहे.